ज्याचा निरोप त्याला

वासनिक सरांसमोर 'झालं' म्हणायची सोय नव्हती.

म्हणजे म्हणायला कुणी हरकत घेत नव्हतं, पण मग पुढची पाच मिनिटं तुमची राहत नसत. "झालं?" ते स्क्रीनवरची नजर न काढता विचारायचे. "झालं म्हनून पाहिलं का? का कोनी सांगतलं? का नुसतं वाटून राहिलं?" सुरुवातीला मी बेधडक 'पाहिलं' म्हणून ठोकून द्यायची. मग ते उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहत आणि माझं पितळ उघडं पडे. आजही घरी कुणी 'दूध उतरवलं का' असं विचारलं, तर मी हो म्हणण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन बघून येते. नवरा हसतो. त्याने वासनिक सरांना पाहिलेलं नाही.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. भंडाऱ्याच्या बाजारात पितळी भांड्यांच्या एका दुकानाच्या माडीवर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. दोन खोल्या, चार कॉम्प्युटर, त्यातले तीन चालणारे. खाली दिवसभर भांडी ठोकण्याचा आवाज, त्यामुळे वर सगळेच जरा ओरडून बोलायचे. सर सोडून. त्यांचा आवाज इतका खालचा की तो ऐकायला खालची ठोकाठोक थांबायची वाट बघावी लागे. बुटका बांधा, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. रोज लाखनीहून एसटीने यायचे आणि एसटीनेच परत जायचे. ते हे सगळं कुठे शिकले, ते विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं. त्यांच्याकडे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, नागपूरच्या फुटपाथवरून घेतलेलं, त्याची पहिली चाळीस पानं गायब होती. "सुरुवात सोडून बाकी सगळं समजलं मले," असं ते अगदी प्रामाणिकपणे सांगायचे.

मी नागपुरात शिकून आणि नागपुरात नोकरी न मिळून परत आलेली. प्रोग्राम म्हणजे वरून खाली वाचत जायची यादी, एवढंच डोक्यात पक्कं बसलेलं. सरांच्या त्या पुस्तकातला प्रकार वेगळाच होता. तिथे प्रोग्राम काही न करता नुसता बसून असायचा, आणि कुठून तरी निरोप आला की मग हलायचा. मला काही केल्या ते उमजेना. दोन दिवस माझी धडपड बघून तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, "चाल, खाली मंदाबाईकडं."

मंदाबाईची चहाची टपरी आमच्या जिन्यालगतच होती. सरांनी मला बाकावर बसवलं. "काई बोलू नोको. फक्त पाय."

अर्धा तास मी पाहिलं. मग सरांची परीक्षा सुरू झाली.

"मंदाबाई काय करून राहिली?"

"चहा करते आहे."

"अन् गिऱ्हाईक नसन तवा?"

"बसून असते."

"बसून असते, पन कान उघडे ठेवून. आपला प्रोग्राम बी तसाच बसलेला असते. आता पाय, चार जन संगंच बोल्ले तं ती चौघायले एका टायमाले देते का? नाही. जो पहिले बोल्ला तो पहिले. एक उचलला, पुरा केला, मग दुसरा. ही झाली निरोपाची लाइन. लाइन चालवनाऱ्याले निरोपात काय हाय ते समजाचं कारन नाही. त्याचं काम एकच, समोरचा निरोप उचलून बरोबर हँडलरच्या हाती द्याचा."

"आणि हँडलर?"

"हँडलर म्हंजे ज्याले ते काम येते तो ऑब्जेक्ट. चाय मंदाबाईच्या हातची. भजे तिच्या नवऱ्याच्या हातचे. आता तो फटफटीवाला आला अन् पान मांगतलं, तवा तिनं काय केलं?"

"शेजारच्या ठेल्यावर पाठवला."

"बस्स!" सरांनी मांडीवर थाप मारली. "पान तिच्याजवळ नाही. पन ती चूप नाही बसली, अन् पान देल्लं असंबी नाही म्हनली. आपल्याले जे समजते ते आपन कराचं. जे नाही समजत ते आपल्या मागं जो उभा हाय त्याले द्याचं. तो त्याच्या मागच्याले देईन. सगळ्यात मागं जो मोठा हँडलर असते त्याले सगळं मालूम असते. अन् त्यालेबी नाही समजलं, तं वहीत लिहून ठेवाचं. निरोप मधातच मरू द्याचा नाही."

तेवढ्यात एक ओळखीचा ऑटोवाला आला आणि मंदाबाईने त्याच्यापाशी सासूचं गाऱ्हाणं काढलं. चूल नुसतीच जळत राहिली. मागे आठ-दहा जण खोळंबले, एक जण तर ग्लास आपटायला लागला. सरांना इतका आनंद झाला की ते उभेच राहिले. "पाय पाय, लाइन अटकली! हँडलरनं आपलं काम झटकन हातावेगळं केलं पायजे. लंबं काम असन तं दुसऱ्याकडं सोपवा अन् लाइन मोकळी करा. नाही तं सगळा प्रोग्राम थिजते." मंदाबाईने विचारलं, "काय म्हनता वो सर?" सर म्हणाले, "काई नाही, तुमी शिकवून राहिल्या." त्या दिवशी मला जे कळलं, त्याहून जास्त पुढे कुठल्याही कोर्समध्ये कळलं नाही.

गंमत म्हणजे हा माणूस कॉम्प्युटरबाहेरही तसाच होता. रस्त्यात कुणी पत्ता विचारला आणि माहीत नसला, तर आपण 'नाही बुवा' म्हणून पुढे जातो. सर त्या माणसाला घेऊन समोरच्या दुकानात जात, दुकानदाराला माहीत नसेल तर तो कुणाला विचारायला सांगेल ते विचारत, आणि माणूस योग्य हाती पडला की मगच परतत. दुपारच्या डब्यासाठी आम्ही कितीदा तरी त्यांची वाट बघत बसलोय.

आमच्या माडीवर आधी एका बियाण्याच्या कंपनीचं ऑफिस होतं. जिल्हा फुटला तेव्हा ते गोंदियाला गेलं, पण पत्रं इकडेच येत राहिली. आमच्या मालकांचा हुकूम होता, टोपलीत टाका. सर प्रत्येक पत्रावर जुना पत्ता खोडून वळणदार अक्षरात नवा लिहीत आणि जाता जाता पेटीत टाकत. तीन वर्षं! एकदा मी विचारलं, "सर, ते लोक तुम्हाला धन्यवाद तरी देतात का?" ते म्हणाले, "मायं नावच मालूम नाही त्यायले. कायले देतीन?"

निरोपात काना-मात्रेचा फरक करायचा नाही, हा त्यांचा दुसरा नेम. यापायी एकदा मालकांची चांगलीच फजिती झाली. मालकीणबाईंचा फोन आला, साहेब आहेत का म्हणून. मालकांनी समोरून दोन्ही हात हलवले, नाही म्हणून सांगा. सर फोनमध्ये शांतपणे म्हणाले, "साहेब हायत वो वहिनी, पन हातानं नाही म्हनून राहिले." मी आतल्या खोलीत पळाले आणि पदर तोंडात कोंबून हसले. त्या दिवसापासून मालकांनी फोन माझ्या टेबलावर हलवला.

असा माणूस कामाला असणं म्हणजे वरदानही आणि डोकेदुखीही. मालक दोन्ही बोलून दाखवायचे.

लाखनीला हायवेवर एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं. त्यांच्यासाठी आम्ही प्रोग्राम केला, हे आमचं तोवरचं सगळ्यात मोठं काम. वॉर्ड वरच्या मजल्यावर, नातेवाईक खाली व्हरांड्यात. पेशंटच्या माणसाला बोलवायचं असलं की कुणीतरी जिन्यात येऊन नाव पुकारायचं, आणि हायवेवरच्या ट्रकांच्या आवाजात ते विरून जायचं. सरांनी स्वतःहून त्यात एक सोय घातली. वॉर्डातल्या सिस्टरनी बेडचा नंबर लिहायचा, कोण हवंय ते लिहायचं आणि बटण दाबायचं. खालच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर घंटी वाजायची, ओळ उमटायची, काउंटरवरच्या बाई भोंग्यावरून हाक मारायच्या आणि मग 'झालं' असं उत्तर वर धाडायच्या. हे बटण सरांचं लाडकं होतं. बाकी प्रोग्रामबद्दल ते काही बोलत नसत, पण या बटणाचं नाव निघालं की कान टवकारत.

माझ्याकडे काउंटरच्या स्क्रीनवरची एक खिडकी होती, जुना पेशंट नावाने शोधायची. तिच्या हँडलरला चारच निरोप कळत. बाकीचे तिने मागच्या मोठ्या हँडलरकडे सोपवायचे. पण तेव्हा आमचं काम अर्धवट होतं, काही निरोप मोठ्या हँडलरलाही ओळखता येत नसत, आणि सरांनी अशा वेळी स्क्रीनवर एक चौकट यायची व्यवस्था केली होती. 'हा निरोप कोणी ओळखला नाही.' सोबत टिंग असा आवाज. ट्रस्टचे डॉक्टर प्रोग्राम बघायला आले त्या दिवशी माझी खिडकी उघडली आणि टिंगटिंग सुरू झालं ते थांबेचना. डॉक्टर हसले. मालकांचा चेहरा उतरला.

"परवापर्यंत हे बंद पाहिजे," मालक म्हणाले. सर पुतणीच्या लग्नाला तुमसरला निघाले होते. जाताना म्हणाले, "मी आल्यावर पाहतो. कोनता निरोप कोनी ओळखून नाही राहिला ते पहिले शोधलं पायजे."

मला मात्र शाबासकी हवी होती. मी माझ्या खिडकीच्या हँडलरमध्ये एक ओळ बदलली. आपल्याला कळला नाही असा निरोप आला की तो मागे सोपवायचा, त्याऐवजी पाठवणाऱ्याला 'झालं' असं उत्तर द्यायचं. एकच ओळ. टिंगटिंग बंद. मालकांनी खालून समोसे मागवले. सर लग्नाहून परतले, हातात बुंदीच्या लाडवांचा डबा, डोळे जागरणाने तारवटलेले. त्यांनी विचारलं, "ते टिंगटिंग कसं गेलं?" मी म्हटलं, "मी दुरुस्त केलं सर. झालं." आणि त्या एका दिवशी त्यांनी पुढचे तीन प्रश्न विचारले नाहीत. थकले होते. मला लाडू दिला आणि खुर्चीत बसले.

पुढे मोठा हँडलर पुरा झाला, प्रोग्राम हॉस्पिटलात बसला. घंटी वाजायची, माणसं वर जायची, सगळं सुरळीत. फक्त माझी ती शोधायची खिडकी उघडी असली, की वॉर्डातून आलेला निरोप आधी तिच्याकडे जाई. ती त्याला ओळखत नसे. आणि ती 'झालं' म्हणून मोकळी होई. घंटी वाजत नसे. हे आम्हा कुणाच्याही लक्षात आलं नाही.

दिवाळी होऊन गेली. आम्ही दर महिन्यासारखे हॉस्पिटलात गेलो होतो. वॉर्डातल्या सिस्टर चांगल्या बोलक्या होत्या, त्यांनी चहा दिला आणि सहज सांगू लागल्या.

"मानसं कशी असतात पाहा सर. मागल्या मंगळवारी नऊ नंबरचे बाबा गेले, एकोडीचे. त्यांचा पोरगा तीन दिवसांपासून खाली व्हरांड्यात बसून होता. बापलेकांचं पटत नव्हतं म्हने. पोरानं शेती सोडून ट्रक धरला, तं बाप म्हनला मेलो तरी तोंड दाखवू नोको. बोलावल्याशिवाय वर येत नव्हता तो. त्या दिवशी बाबांजवळ राहनारी त्यांची लेक घरी गेली होती, वॉर्डात मी एकटी. बाबांनीच मले सांगितलं पोराले बोलाव म्हनून. मी दोनदा बटन दाबलं. आला नाही. दगडाचं काळीज वो!"

सरांनी बशी खाली ठेवली. "दोनदा दाबलं?"

"दोनदा. उत्तर पन आलं, झालं म्हनून."

सर उठून खाली काउंटरवर गेले. प्रत्येक निरोप आणि त्याचं उत्तर वेळेसकट नोंदलं जाईल अशी वही त्यांनी प्रोग्राममध्ये ठेवली होती. ते मंगळवारपाशी आले. तीन वाजून सात मिनिटं, बेड नऊ, मुलगा, उत्तर झालं. तीन वाजून सोळा मिनिटं, बेड नऊ, मुलगा, उत्तर झालं.

"ज्योती, सेकंद पाय," ते म्हणाले.

निरोप ज्या सेकंदाला निघाला, त्याच सेकंदाला उत्तर आलं होतं. दोन्ही वेळा.

"खुर्चीवरून उठाले बी मानसाले दोन सेकंद लागते. हे उत्तर मानसानं देल्लेलं नाही."

मला तेव्हाच कळलं. मी त्यांना समोशांच्या दिवसाची ती ओळ सांगितली, तिथेच, काउंटरशी उभ्याने. ते रागावतील असं वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "मी बी त्या दिवशी विचारलं नाही तुले."

मग ते पुन्हा वर गेले आणि सिस्टरना त्यांनी एकच विचारलं, बाबा नक्की काय बोलले? शब्दन् शब्द. सिस्टर आठवून आठवून सांगत होत्या आणि सर वहीत लिहून घेत होते. लिहून झाल्यावर घंटी वाजलीच नव्हती, हे त्यांनी सांगितलं. सिस्टर स्टुलावर बसल्या. "मी त्या पोराशी एक अक्षर बोलली नाही वो सर. त्याच्यासमोरून तोंड फिरवून गेली."

म्हणजे एकोडीत एक माणूस असं समजून बसला होता, की बापाने मरतानाही आपल्याला हाक मारली नाही. खरं काय ते फक्त आम्हाला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी ती ओळ दुरुस्त केली आणि सिस्टरचे शब्द लिहिलेला वहीतला कागद मालकांपुढे ठेवला. मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला, दार लावून घेतलं.

"चूक सुधारली ना? मग विषय संपला. म्हातारा परत येणार आहे का? हे बाहेर गेलं तर हे काम जाईल आणि पुढची दोन्ही जातील. या मुलीचं नाव येईल ते वेगळंच."

"चूक सुधारली साहेब. पन निरोप अजून पोचला नाही."

"अहो, तुम्ही काय गावचे निरोप्ये आहात का, घरोघर जाऊन मयताचं सांगायला?"

मालक रागाच्या भरात बोलून गेले, आपण काय बोललो ते त्यांना उमगलंही नसावं. सरांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. "उद्या शनिवार. मी एकोडीले जाऊन राहिलो."

"गेलात तर सोमवारी यायची गरज नाही."

"बरं," सर म्हणाले. आणि टेबलाच्या खणातलं आपलं ते बिनसुरुवातीचं पुस्तक काढून त्यांनी पिशवीत टाकलं.

मी रात्रभर तळमळले आणि सकाळी साकोलीची एसटी धरली. लाखनीला सर चढले, मला बघून दचकले.

"तू कायले आली?"

"चूक माझी आहे सर."

"मायी बी हाय," म्हणत ते शेजारी बसले. खिडकीबाहेर बघू लागले. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची पुंजणी उभी होती. मग आपणहून बोलले. "साहेब काल बोल्ले ते खोटं नव्हतं. आमच्या आज्याकडं तेच काम होतं. गावात कोनी मेलं का सोयऱ्यायच्या गावाले जाऊन सांगाचं. ऊन असो का पानी, पाय फुटो का ताप असो. नाही म्हनाची सोय नव्हती. अन् तिथं गेल्यावर आंगनाच्या भायेरच उभं राहाचं, भायेरूनच बोलाचं. छप्पन साली दीक्षा घेतली अन् घरी आल्यावर आजा म्हनला, आता ज्याचे निरोप त्यानं द्यावे."

मी विचारलं, "मग सर, तुम्ही का जाता आहात?"

"आज्याले धाडत होते," ते म्हणाले. "मले कोनी धाडलं नाही. मी जाऊन राहिलो."

एकोडीत त्या मुलाचं, मोरेश्वरचं, घर एसटीच्या रस्त्यालगतच होतं, लगेच सापडलं. तिशी-बत्तिशीचा दणकट माणूस, डोक्यावर मुंडणानंतरचे खुंट वाढलेले, अंगणात धानाचे भारे रचत होता. ट्रक सोडून तो बापाच्या धानापाशी आला होता. हॉस्पिटलाचं नाव काढताच त्याचा चेहरा आवळला. "काई कागद राह्यला का?"

"कागद नाही. निरोप आनला," सर म्हणाले.

त्याने बाज ओढून दिली, गडूभर पाणी आणलं. सर बाजेवर बसले, पाणी प्याले, आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. "तुमच्या बाबांनं तुमाले बोलावलं होतं. मंगळवारी, तीन वाजून सात मिनिटानं. अन् मंग तीन वाजून सोळा मिनिटानं. सिस्टरनं दोन्ही बार निरोप धाडला. तो आमच्या मशीनीत अटकला, तुमच्यापरेंत आला नाही. तुमचा कसूर नाही."

मी म्हणाले, "माझ्या हातून झालं ते. मी लिहिलेल्या एका ओळीमुळे."

मोरेश्वरने माझ्याकडे पाहिलंही नाही. तो सरांकडेच बघत होता. "बोलावलं होतं?"

"हो."

"तुमी मले बरं वाटावं म्हनून तं नाही सांगून राहिले?"

सरांनी खिशातला कागद काढला. "सिस्टरनं सांगतलं तसं लिहून आनलं. पहिल्या बारी बाबा म्हनले, मोऱ्याले बोलाव. दुसऱ्या बारी म्हनले, मोऱ्या आला का?"

मोरेश्वर मटकन खाली बसला, तिथेच, भाऱ्यांमध्ये. "मोऱ्या म्हनले?" त्याने विचारलं. "तीन वर्सं झाले, कोनी नाही म्हनलं मले मोऱ्या."

मग त्याने विचारलं, "आनखी काय बोल्ले?"

मी मनातल्या मनात सरांच्या हातापाया पडत होते. काहीतरी सांगा. माफ केलं म्हणा, आशीर्वाद दिला म्हणा. एकोडीच्या त्या अंगणात एक वाक्य वाढवलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं?

"तेवढंच," सर म्हणाले. "मोऱ्याले बोलाव. अन्, मोऱ्या आला का."

त्याने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. मग तो म्हणाला, "अजून एकडाव सांगा."

सरांनी पुन्हा सांगितलं. तेच शब्द, त्याच क्रमाने.

साकोलीची शेवटची एसटी साडेपाचला होती. मला त्यापुढे भंडाऱ्याची गाडी धरायची होती. सर मला म्हणाले, "तू निघ. मी बसतो जरा." सोमवारी मी ऑफिसात गेले, हे सांगायला मला आजही लाज वाटते. मालकांनी काही विचारलं नाही, मीही काही बोलले नाही, आणि सरांच्या खुर्चीवर महिन्याभरात दुसरा माणूस आला. सर गोंदियाकडे कुठेसं शिकवतात असं पुढे कानावर आलं. पत्ता मिळवणं अवघड नव्हतं. कोणत्या तोंडाने जाऊ, म्हणून मी गेले नाही. तेव्हा त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या संध्याकाळी, एकोडीच्या रस्त्यावरून, एसटीच्या खिडकीतून.

बाज रिकामी होती. सर खाली उतरून धानाच्या भाऱ्यांमध्ये मोरेश्वरच्या शेजारी बसले होते. त्याचं डोकं गुडघ्यांवर होतं, आणि सरांचे ओठ हलत होते.